सामूहिक ज्ञानकोश व वैदिक परंपरा

अनेक लेखकांनी परस्परांच्या लेखनात भर घालीत, दुरुस्ती करीत आणि कोणा एका प्रमुख संपादकाच्या अंतिम अधिकाराशिवाय आंतरजालावर रचलेल्या कोशास सामूहिक ज्ञानकोश म्हणतात. इंग्रजी विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी व त्याची मराठी आवृत्ती १ मे २००३ रोजी सुरू झाली. तेव्हापासून हा कोशप्रकार सर्वपरिचित झाला. छापील कोशात नोंदीची जबाबदारी लेखकाकडे व संपादक मंडळाकडे असते. सामूहिक कोशात लेखक बदलत राहतात व पुष्कळदा अज्ञात असतात, त्यामुळे ही जबाबदारी नियमांवर येऊन पडते. म्हणून अशा कोशाचा पहिला प्रश्न विषयांच्या निवडीचा नसून नियमांचा असतो.

वैदिक विचारावर आधारलेला असा कोश असावा, ही कल्पना अधूनमधून मांडली जाते. तीत दोन भिन्न गोष्टींची सरमिसळ झालेली असते. वेदांतील प्रतिपादन निर्विवाद मानून त्याला अनुकूल तेवढी माहिती एकत्र करणे, ही एक. वेद ज्यांनी राखले, त्यांचा अर्थ लावला व त्यावर वाद केले, त्यांच्या अभ्यासपद्धतीतून कोशाचे नियम घेणे, ही दुसरी. पहिल्या मार्गाने श्रद्धेचा ग्रंथ तयार होईल, ज्ञानकोश नव्हे. दुसरा मार्ग मात्र फलदायी आहे, आणि त्याच अर्थाने येथे विवेचन केले आहे. तत्त्वांची पारख लहान व परिचित प्रदेशावर केलेली बरी, म्हणून उदाहरणे शक्य तेथे वऱ्हाडातील, विशेषतः अचलपूर व त्याच्या परिसरातील घेतली आहेत.

चम्मकचा ताम्रपट : अचलपूरजवळील चम्मक (चमक) या गावी १८६८ च्या सुमारास वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन (पाचव्या शतकाचा पूर्वार्ध) याचा ताम्रपट सापडला. फ्लीटने तो १८८८ मध्ये आपल्या गुप्तकालीन लेखांच्या संग्रहात प्रसिद्ध केला. भोजकट राज्यातील मधुनदीच्या काठचे चर्मांक हे गाव, राजमानाने आठ हजार भूमी इतके क्षेत्र असलेले, एक हजार ब्राह्मणांना दिल्याची नोंद त्यात आहे. हे ब्राह्मण निरनिराळ्या गोत्रांचे व निरनिराळ्या चरणांचे होते. चरण म्हणजे एखाद्या वेदशाखेचे अध्ययन चालविणारा समुदाय. वैदिक विद्या व्यक्तीच्या नव्हे, तर अशा समुदायाच्या स्वाधीन असे.

या ताम्रपटाचे वैशिष्ट्य दानापेक्षा दानाच्या अटींत आहे. सामान्यतः दानलेखात दानाचा भंग करणाऱ्या भावी राजांना शाप असतात. येथे अटी दान घेणाऱ्यांवरही आहेत. त्यांनी राज्याचा द्रोह करू नये. ब्रह्महत्या, चोरी, व्यभिचार, राजाला विष देणे ही कृत्ये करू नयेत. युद्ध करू नये. इतर गावांना उपद्रव देऊ नये. जे असे वागतील, किंवा असे वागणाऱ्यांना संमती देतील, त्यांच्याकडून भूमी परत घेतली तर राजाला चोरीचा दोष लागणार नाही, असे पुढे स्पष्ट केले आहे. संमती देणाऱ्याचा वेगळा उल्लेख लक्षणीय आहे, कारण समुदायाच्या हाती सोपविलेली गोष्ट बहुधा अपराध करणाऱ्यांपेक्षा गप्प राहणाऱ्यांमुळे बिघडते. लेखात हजारांपैकी केवळ ४९ जणांची नावे कोरलेली आहेत. ज्ञानकोशाशी या दानाचा थेट संबंध नाही. परंतु समाईक ठेव अनेकांच्या हाती द्यावयाची तर तिच्यासोबत आचरणाच्या अटी आणि त्या मोडल्यास अधिकार काढून घेण्याची तरतूद हवी, ही जाणीव अचलपूरच्या भूमीत दीड हजार वर्षांपूर्वी लेखबद्ध झाली होती.

पाठरक्षण व उगमाची नोंद : ऋग्वेदाच्या १,०२८ सूक्तांचा पाठ लेखनाच्या साहाय्याशिवाय दीर्घकाळ जवळजवळ अविकृत राहिला, याचे कारण केवळ पाठांतर हे नव्हे. एकाच पाठाची अनेक रूपे ठेवून ती एकमेकांशी ताडून पाहण्याची व्यवस्था हे खरे कारण होय. संहितापाठात शब्द संधीने जोडलेले असतात. पदपाठात ते सुटे केलेले असतात. क्रमपाठात पहिले व दुसरे, मग दुसरे व तिसरे अशी पदांची साखळी येते. जटा, माला, घन इ. आठ विकृतींत हीच पदे उलटसुलट क्रमाने म्हटली जातात. एका रूपातील चूक दुसऱ्या रूपात उघडी पडते. संगणकावरील कोशात प्रत्येक नोंदीच्या सर्व पूर्वावृत्ती जपलेल्या असतात व कोणतीही दोन रूपे शेजारीशेजारी ठेवून पाहता येतात. त्या सोयीमागील तत्त्व याहून वेगळे नाही.

पदपाठाची आणखी एक गोष्ट कोशकाराने ध्यानात घेण्यासारखी आहे. शाकल्याने ऋग्वेदातील सहा ऋचांचा पदपाठ दिलेला नाही. त्यांत सातव्या मंडलातील प्रसिद्ध त्र्यंबक मंत्र आणि संध्येत म्हटले जाणारे अघमर्षण सूक्त यांचा समावेश होतो. या ऋचा त्याला मूळ संहितेतील म्हणून मान्य नसाव्यात, असे अनुमान अभ्यासक करतात. परंपरेने त्या ऋचा काढून टाकल्या नाहीत आणि शाकल्याच्या पदपाठातील रिकामी जागाही भरून काढली नाही. दोन्ही साक्षी जशाच्या तशा राहिल्या. नित्य पठणातील मंत्राबाबतही हा संयम पाळला गेला, हे विशेष.

कात्यायनाची सर्वानुक्रमणी ही या व्यवस्थेची दुसरी बाजू. तीत प्रत्येक सूक्ताचे आरंभीचे पद, ऋचांची संख्या, ऋषी, देवता व छंद दिलेले आहेत. म्हणजे वचन कोणाचे, कोणाविषयीचे व कोणत्या रूपातील, हे सांगितल्याखेरीज ते पुढे न्यावयाचे नाही. अनुक्रमणीतील काही ऋषिनामे सूक्तातीलच शब्दांवरून बनविलेली दिसतात, ही तिची मर्यादा आहे. तथापि उगम सांगण्याचे बंधन तिने मान्य केले होते.

या कसोटीचा उपयोग आजही कसा होतो, याचे उदाहरण म्हणजे वैदिक गणित या नावाने १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेला भारती कृष्णतीर्थ यांचा इंग्रजी ग्रंथ. त्यातील सोळा सूत्रे अथर्ववेदाच्या परिशिष्टातील असल्याचे मानले गेले. पण उपलब्ध परिशिष्टांत ती आढळत नाहीत, असे ग्रंथाचे संपादक वासुदेवशरण अग्रवाल यांनीच त्यात नमूद केले आहे. सूत्रांची आकडेमोडीतील उपयुक्तता ही स्वतंत्र बाब आहे. ज्ञानकोशातील नोंदीने दोन्ही गोष्टी सांगाव्यात. सूत्रे उपयोगी आहेत म्हणून ती वैदिक ठरत नाहीत, आणि ती वैदिक नाहीत म्हणून निरुपयोगीही ठरत नाहीत.

मतभेदांची मांडणी : पाठ राखला म्हणजे अर्थ राखला असे होत नाही, अर्थ न जाणता वेद पाठ करणारा भार वाहणाऱ्या खांबासारखा, अशी टीका यास्काच्या निरुक्तातच आली आहे. निरुक्त हा निघंटू या वैदिक शब्दसंग्रहावरील ग्रंथ असून भारतीय कोशवाङ्मयाचा आरंभ येथून मानता येतो. यास्काने शाकटायन, गार्ग्य, औपमन्यव इ. पूर्वाचार्यांची मते नावानिशी दिली आहेत. वृत्र कोण, या प्रश्नावर नैरुक्तांच्या मते तो मेघ, तर ऐतिहासिकांच्या मते त्वष्ट्याचा पुत्र असलेला असुर, अशी दोन्ही उत्तरे तो मांडतो. अश्विनांविषयी तर द्यावापृथिवी, अहोरात्र, सूर्यचंद्र आणि दोन पुण्यवान राजे असे चार पक्ष त्याने नोंदविले आहेत. कोणत्या पक्षाचे मत कोणते, हे वाचकाला नेहमी कळते.

यापेक्षाही धीटपणा कौत्साच्या बाबतीत दिसतो. मंत्रांना अर्थच नाही, हे कौत्साचे मत वेदाध्ययनाच्या मुळावर येणारे. यास्काने ते गाळले नाही किंवा त्याची थट्टाही केली नाही. कौत्साची कारणे एकेक करून दिली आणि नंतर एकेकाचे उत्तर दिले. कौत्साचा हा वाद आज आपल्याला कळतो तो यास्कामुळेच. चार्वाकांचीही हीच स्थिती आहे. त्यांचे मत जाणण्याचे एक प्रमुख साधन म्हणजे चौदाव्या शतकातील माधवाचार्यांचा सर्वदर्शनसंग्रह होय, आणि त्या अद्वैती ग्रंथकाराने आपल्या ग्रंथाचा आरंभच चार्वाकदर्शनाने केला आहे.

अचलपूर या नावाची नोंद : वरील पद्धत प्रत्यक्ष नोंदीस कशी लागू होते, हे अचलपूरच्या नावावरून चांगले दिसते. ब्रिटिश अमदानीत हे गाव एलिचपूर या नावाने ओळखले जाई व १९०५ पर्यंत त्या नावाचा स्वतंत्र जिल्हा होता. त्या वर्षी तो अमरावती जिल्ह्यात विलीन झाला. ईल नावाच्या जैन राजाने हे नगर वसविले व त्याच्यावरून एलिचपूर हे नाव पडले, अशी आख्यायिका सर्वत्र सांगितली जाते आणि स्थापनेचे वर्ष म्हणून इ. स. १०५८ चा उल्लेख करण्यात येतो. शाह अब्दुल रहमान गाझी ऊर्फ दुल्हा रहमान यांच्या येथील दर्ग्याशी निगडित कथेत ते गझनीच्या महमूदाचे भाचे असून ईल राजाशी लढताना कामी आले, असे सांगतात. महमूद १०३० मध्ये मरण पावला. तेव्हा या दोन कथांच्या काळांचा मेळ सहज बसत नाही.

आता दुसऱ्या बाजूचे पुरावे पाहावेत. गुजरातमधील जैन आचार्य हेमचंद्र (१०८८–११७२) याच्या सिद्धहेमशब्दानुशासनाच्या आठव्या अध्यायात प्राकृताचे व्याकरण आहे. त्यात केवळ अचलपूर या एका नावासाठी एक सूत्र आलेले आहे : या शब्दातील च व ल यांची अदलाबदल होते. त्याप्रमाणे अचलपूरचे अलचपूर होते. महानुभाव वाङ्मयातील अळजपूर आणि पुढील काळातील एलिचपूर ही रूपे या अलचपूरशी सरळ जुळतात. म्हणजे एलिचपूर हे नाव समजण्यास ईल राजाची गरज उरत नाही. उलट नावावरून राजा कल्पिला गेला असण्याचा संभव दिसतो. शिवाय राष्ट्रकूट नन्नराजाचा मध्य प्रदेशातील तिवरखेड येथे सापडलेला ताम्रपट अचलपूरहून दिलेला आहे. त्यावर शक ५५३ (इ. स. ६३१) हे वर्ष आहे, मात्र त्याच्या काळाविषयी व विश्वसनीयतेविषयी विद्वानांत मतभेद असल्यामुळे हा पुरावाही मतभेदासह द्यावयास हवा.

यास्काच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे ऐतिहासिक व नैरुक्त असे दोन पक्ष समोरासमोर उभे आहेत. सिद्धांत व्याकरणाच्या बाजूने जातो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तरीही ईल राजाची कथा नोंदीतून काढून टाकणे चूक ठरेल. जैन परंपरेत तिला स्थान आहे, दर्ग्याशी ती बांधलेली आहे, आणि गावातील माणसे गावाची ओळख सांगताना आजही तीच सांगतात. ती स्थापनेचा पुरावा म्हणून येऊ नये, परंपरा म्हणून यावी. सामूहिक कोशात तंटे होतात ते बहुधा अशाच ठिकाणी : एकजण कथा इतिहास म्हणून लिहितो, दुसरा ती खोटी म्हणून पुसतो, आणि दोघांनाही आपल्या समाजाची प्रतिष्ठा राखल्याचे समाधान मिळते. नैरुक्त असे म्हणतात, ऐतिहासिक असे म्हणतात, एवढा साधा वाक्यप्रयोग यांतील पुष्कळ तंटे टाळू शकतो. या प्रकरणातील निर्णायक सूत्र एका जैन वैयाकरणाचे आहे, हेही विसरू नये. वैदिक पद्धतीने चालणाऱ्या कोशाला अवैदिकाचा पुरावा वर्ज्य असता, तर अचलपूरच्या नावाचा उलगडा झाला नसता.

मीमांसेतील निर्णयपद्धती : मते नोंदविणे हे निरुक्ताकडून शिकता येते, त्यांच्यात निर्णय कसा करावा, याचे शास्त्र पूर्वमीमांसेने रचले. जैमिनीच्या सूत्रांवरील विवेचन अधिकरणांत विभागलेले असते व अधिकरणाची विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि संगती अशी पाच अंगे मानतात. यांतील संशय या अंगाचे महत्त्व सहसा ओळखले जात नाही. ज्याविषयी खरोखर संशय नाही, त्यावर अधिकरण उभे राहत नाही; म्हणजे वादासाठी वाद या शास्त्राला मंजूर नाही. पूर्वपक्ष दुबळा मांडणे हा ग्रंथकाराचा दोष समजला जाई. शबर व कुमारिल यांचे ग्रंथ वाचताना पूर्वपक्षच पटू लागावा आणि पान उलटल्यावर आपण फसलो हे कळावे, असा अनुभव विद्यार्थ्याला वारंवार येतो.

प्रमाणांच्या बलाबलाचा विचारही मीमांसेने बारकाईने केला. कोणते अंग कोणत्या कर्माचे, हे ठरविताना श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान व समाख्या या सहा साधनांत आधीचे साधन नंतरच्याहून बलवत्तर धरतात. समाख्या म्हणजे नावावरून होणारा बोध. तो सर्वांत दुर्बळ. ईल राजाच्या प्रकरणात वाचकाला याचा प्रत्यय आलाच आहे.

कोशाच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त असे सूत्र मात्र स्मृतिप्रामाण्याच्या चर्चेत सापडते. श्रुतीशी विरोध असेल तेथे स्मृतिवचन सोडून द्यावे, असे सांगून जैमिनी पुढे म्हणतो, की ज्या वचनामागे लौकिक हेतू दिसतो तेही प्रमाण नव्हे. शबराने दिलेले उदाहरण मोठे मार्मिक आहे. वैसर्जन होमाच्या वेळचे वस्त्र अध्वर्यूने घ्यावे, असे एक वचन होते. शबर विचारतो, की हे लोभातून निघालेले नसेल कशावरून ? ज्याला वस्त्र मिळणार, त्याच्याच वर्गाने हे वचन रचले असण्याचा संभव आहे. कुमारिलाला शबराचे हे विवेचन सर्वांशाने मान्य झाले नाही. पण लाभार्थ्याची साक्ष संशयास्पद हा नियम त्यामुळे दुबळा होत नाही. देवस्थानाची नोंद त्याच्या विश्वस्तांनी, घराण्याची नोंद त्याच्या वंशजांनी, किंवा उमेदवाराची नोंद त्याच्या कार्यकर्त्यांनी लिहिली, तर वैसर्जनाचे वस्त्र कोणाच्या घरी गेले, हे पाहावे लागते. विकिपीडियाने तटस्थ दृष्टिकोन, पडताळणीयोग्यता व नव्या संशोधनास मज्जाव ही तीन तत्त्वे पायाभूत मानली. हितसंबंधांचा नियम त्यांच्या जोडीने येतो. मीमांसेत तो पूर्वीपासून आहे, आणि तोही याज्ञिकांनी याज्ञिकांवर लावलेला.

मीमांसेचे एक तत्त्व मात्र कोशाला स्वीकारता येणार नाही. वेद अपौरुषेय आहे. त्याला कर्ता नाही, म्हणून कर्त्याचे अज्ञान, लोभ इ. दोष त्यात नाहीत, असा मीमांसकांचा सिद्धांत आहे. ज्ञानकोशातील प्रत्येक वाक्याला कर्ता असतो, मग त्याने नाव दिलेले असो वा नसो. निनावी लेखन अपौरुषेय होत नाही. येथे मीमांसक व नैयायिक यांच्यातील प्रामाण्यवादाचा चांगला उपयोग होतो. मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःप्रमाण असते, बाध आला तरच ते टाकावयाचे; नैयायिकांच्या मते त्याचे प्रामाण्य बाहेरील साधनाने सिद्ध करावे लागते. सामूहिक कोशाने लेखकाच्या बाबतीत मीमांसकांचा पक्ष घ्यावा व वाक्याच्या बाबतीत नैयायिकांचा. नवा लेखक सद्हेतूने आला आहे असे बाध येईपर्यंत मानावे. त्याचे विधान मात्र आधार मिळेपर्यंत सिद्ध मानू नये. या दोहोंची अदलाबदल झाली, म्हणजे विधानांवर आंधळा विश्वास आणि माणसांवर संशय, अशी स्थिती येते. चर्चापानांवरील कटुतेचे मूळ पुष्कळदा या अदलाबदलीत असते.

अधिकाराचा प्रश्न : वैदिक परंपरेचा आधार घेणाऱ्या खुल्या कोशापुढील सर्वांत कठीण प्रश्न हा आहे. कोणीही वाचावे व कोणीही लिहावे, हे सामूहिक कोशाचे स्वरूप. उलट वेदाध्ययनाचा अधिकार स्त्रिया व शूद्र यांना नाकारलेला होता. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायातील अपशूद्राधिकरण याच विषयावर आहे. ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही, आणि तिला सोयीचा अर्थ चिकटविण्यातही नाही.

तथापि येथेही पूर्वपक्ष जपण्याची सवय उपयोगी पडते. जैमिनीच्या सहाव्या अध्यायात यज्ञाचा अधिकार केवळ पुरुषांना आहे, हे ऐतिशायनाचे मत आणि त्याविरुद्ध स्त्रियांनाही अधिकार देणारे बादरायणाचे मत नावानिशी आले आहे. यज्ञाचा अधिकार शूद्रांसह सर्वांना आहे, हे बादरी या आचार्याचे मतही त्याच अध्यायात आहे. जैमिनीने ते नाकारले, पण नोंदविले. रथकाराला अग्न्याधानाचा अधिकार असल्याचे तर त्याने सिद्धांत म्हणूनच मांडले. बादरीचा पक्ष हरलेला असूनही ग्रंथातून नाहीसा झाला नाही, त्यामुळे परंपरेत एकच आवाज होता असे कोणालाही म्हणता येत नाही.

वऱ्हाडातील तीन दाखले या संदर्भात देण्याजोगे आहेत. अचलपूरच्या पूर्वेस फार दूर नसलेल्या रिद्धपूर येथे म्हाइंभटाने १२७८ च्या सुमारास लीळाचरित्राची रचना केली. चक्रधरांच्या आठवणी ज्यांनी प्रत्यक्ष पाहिल्या-ऐकल्या त्यांना गाठून त्याने त्या मिळविल्या व नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या. मूळ प्रत पुढे धामधुमीत नष्ट झाली आणि ग्रंथ स्मरणावरून पुन्हा सिद्ध करावा लागला. त्यामुळे निरनिराळे पाठ निर्माण झाले. त्यांतील एक पाठ हिराइसा या स्त्रीच्या नावाने ओळखला जातो. महानुभाव पंथ वैदिक कर्मकांड मानणारा नाही, परंतु साक्षीदार, तपासणी व पाठभेद या तिन्ही गोष्टी त्याच्या ग्रंथकारांनी पाळल्या, आणि त्या पाळताना साक्षीदाराची जात किंवा लिंग आड येऊ दिले नाही.

दुसरा दाखला चांदूर बाजारजवळील माधान येथील गुलाबराव महाराजांचा (१८८१–१९१५). अगदी तान्हेपणी दृष्टी गेलेल्या या कुणबी कुटुंबातील पुरुषाने ग्रंथ वाचून घेतले आणि शिष्यांना सांगून शंभरावर लहानमोठ्या रचना लिहविल्या. त्यांत संस्कृत सूत्रग्रंथही आहेत. वेदप्रामाण्य त्यांना पूर्णतया मान्य होते व पाश्चात्त्य विचारवंतांच्या मतांचे खंडन त्यांनी केले. मात्र खंडनापूर्वी ती मते समजून घेण्याचा खटाटोप त्यांनी टाळला नाही. तिसरा दाखला पापळ येथे जन्मलेल्या पंजाबराव देशमुखांचा (१८९८–१९६५). भारताचे कृषिमंत्री म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास हा त्यांच्या ऑक्सफर्ड येथील प्रबंधाचा विषय होता आणि तो ग्रंथरूपाने १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला, हे तितकेसे ठाऊक नसते. शेतकरी कुटुंबातील विद्यार्थ्याने वेदांचा इतिहास लिहावा, ही गोष्ट त्याच्या आजोबांच्या पिढीला अशक्य वाटली असती.

मराठी कोशकार्य : वेदविद्या आणि ज्ञानकोश यांची प्रत्यक्ष सांगड मराठीत श्रीधर व्यंकटेश केतकर (१८८४–१९३७) यांनी घातली. त्यांचा जन्म रायपूरचा. आरंभीचे शिक्षण अमरावतीस झाले. कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परतल्यावर त्यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे काम हाती घेतले. भागभांडवल उभारून, वर्गणीदार मिळवून आणि साहाय्यकांचा ताफा जमवून तेवीस खंडांचा हा कोश सिद्ध झाला. त्याची कहाणी त्यांनी स्वतः माझे बारा वर्षांचे काम या पुस्तकात सांगितली आहे. पाच प्रस्तावनाखंडांपैकी दुसरा वेदविद्येला वाहिलेला आहे. त्यात केतकरांनी वेद हा ज्ञानाचा अंतिम आधार म्हणून नव्हे, तर इतिहासाचे साधन म्हणून वापरला. त्यांची काही अनुमाने आज टिकत नाहीत, पण ही दृष्टी टिकली.

अधिकाराच्या प्रश्नालाही केतकरांनी आपल्या परीने उत्तर दिले. एडिथ कोह्न या ज्यू कुटुंबातील विदुषीशी विवाह करताना त्यांनी व्रात्यस्तोम हा विधी करविला. समाजाबाहेरील व्रात्यांना वैदिक समाजात घेण्याचा हा विधी सामवेदाच्या तांड्य ब्राह्मणात सांगितलेला आहे. या शीलवतीबाई केतकरांनी पुढे विंटरनिट्सच्या भारतीय वाङ्मयाच्या इतिहासाचा जर्मनमधून इंग्रजीत अनुवाद केला. वेदांचा परामर्श घेणारा त्याचा पहिला खंड कलकत्ता विद्यापीठाने १९२७ मध्ये प्रसिद्ध केला व अनेक पिढ्यांतील विद्यार्थ्यांनी वेदवाङ्मयाचा इतिहास या अनुवादातून वाचला.

वाई येथील प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वती (१८७७–१९५५) यांनी मीमांसाकोशाचे सात खंड सिद्ध केले व त्यांचे शिष्य लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली धर्मकोशाचा पहिला भाग १९३७ मध्ये निघाला. धर्मकोशात एकेका विषयावरील वचने कालक्रमाने, पाठभेदांसह व टीकांसह दिलेली आहेत. संपादकाने स्वतःचा निर्णय वचनांत मिसळलेला नाही. हेच लक्ष्मणशास्त्री पुढे मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले, तेव्हा शास्त्री परंपरेतील ही शिस्त आधुनिक विषयांच्या कोशात आली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ मध्ये आरंभिलेला ऐतिहासिक तत्त्वांवरील संस्कृत महाकोशही याच मार्गाने चालला आहे. सुमारे दीड हजार ग्रंथांतून टिपलेल्या लक्षावधी चिठ्ठ्यांवर त्याची उभारणी असून, प्रत्येक अर्थामागे ग्रंथ व स्थळ यांचा निर्देश असतो.

मराठी विश्वकोशाचे वीस संहिताखंड २०१५ मध्ये पूर्ण झाले व ते आंतरजालावर उपलब्ध आहेत. केतकरांचा ज्ञानकोशही तेथे वाचावयास मिळतो. विश्वकोशातील नोंदी तज्ज्ञांच्या नावाने येतात व विषयवार ज्ञानमंडळांमार्फत त्यांचे अद्ययावतीकरण चालते. मराठी विकिपीडियात कोणालाही लिहिता येते, मात्र वैदिक विषयांवर संहिता, पदपाठ व भाष्ये यांचे स्थळनिर्देश देऊन लिहिणारे हात तेथे थोडे आहेत. वेदपाठ करणारे घनपाठी संगणकाकडे क्वचित वळतात, आणि संगणकावर लिहिणारा तरुण वेदाचे वचन बहुधा दुसऱ्याने उद्‌धृत केलेले, तेही स्थळ न देता, उचलतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतील ऋग्वेदाच्या तीस हस्तलिखितांचा २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत समावेश झाला. वैदिक पठणाची परंपरा त्यापूर्वीच, २००३ मध्ये, त्या संघटनेने गौरविली होती. हस्तलिखित व पठण अशा दोन्ही साधनांना नोंदीच्या वाक्यावाक्याशी जोडून देणारा खुला मराठी कोश अद्याप व्हावयाचा आहे. त्याचा आरंभ करणाऱ्यांना ऋग्वेदापूर्वी चम्मक, तिवरखेड, रिद्धपूर व माधान यांच्या नोंदी लिहून आपले नियम तपासून पाहता येतील.